फ्रान्सचा राजा सोमारीच्या मोहावर

पोंभुर्णा, ३० मार्च

आदरणीय वामनभाऊंना धाकट्या बायनाचा सविनय जय भीम. आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (लसूण भाजून द्या म्हटलं होतं, दिला नसणार.)

तर भाऊ, नऊ एप्रिलला मी दहावीचा इतिहासाचा पेपर देते आहे. आधी हसून घ्या, मी थांबते. बाकीचे विषय गेल्या वर्षीच निघाले, गणितसुद्धा (छत्तीस मार्क, पण निघालं). उरला इतिहास, आणि त्यात क्रांत्यांचा धडा: अमेरिकेची, फ्रान्सची, रशियाची. माणसं सगळीकडे तेच करतात. पोट जळतं, राजाला सांगतात, राजा ऐकत नाही, मग उठतात. सनावळ्या मात्र दरवेळी वेगळ्या, आणि त्या काही केल्या माझ्या डोक्यात बसेनात.

त्यात हे मोहाची फुलं वेचायचे दिवस. पहाटेपासून रानात, ऊन चढेपर्यंत कंबर वाकलेली. पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणू? म्हणून शक्कल काढली. एकेका कागदावर पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलं, आणि कागद सुतळीने एकेका मोहाला बांधला. फुलं वेचता वेचता मान वर केली की एक सन पाठ. पण घोडं पेंड खातं ते इथेच. आपली रीत तुम्ही कोरपन्याला जाऊन विसरला असाल: मोहाला काही बांधलं की ते झाड त्या हंगामापुरतं त्या घराचं. माझी झाडं तीन. प्रश्न निघाले अकरा. उरलेले आठ मी समोर दिसतील त्या झाडांना बांधून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारची सोमारी टोपली आपटत अंगणात हजर. "बाई, माह्या झाडाले तुहा कागद काऊन? झाड घेऊन राह्यली का?" मी म्हटलं, झाड नाही गं, तो फ्रान्सचा राजा आहे. "कोनाचाबी राजा असू दे, माह्या मोहावर नाई बसनार!" (राजाबद्दल इतकं नेमकं मत पुस्तकातही नाही.) दुपारपर्यंत सात-आठ बाया जमल्या. कागद सोडून घेते म्हणून मी हात जोडले, तर सोमारीनेच अट घातली. कागद राहू दे, पण ज्या झाडाखाली जाशील त्या झाडाच्या बाईला उत्तर सांगायचं, आणि चुकलं तर तुझी टोपली तिच्या टोपलीत. सोमारी चौथी शिकली आहे, कागद उलटून बरोबर तपासते. पहिल्या आठवड्यात माझ्या घरी एक फूल आलं नाही. आता १७८९ झोपेतही सांगते. सोमारीही सांगते, फक्त तिचं म्हणणं असं की राजाला आधी दोनदा सांगून पाहायला हवं होतं.

भाऊ, हा पेपर माझा एकदा हुकला आहे. एकतीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी वहिनींशी तुमचं साक्षगंध होतं. आई म्हणाली, पेपर पुढच्या सालीही होईल, पाहुणे येतील का? शाळेत अकराची घंटा झाली तेव्हा मी पुऱ्या तळत होते. पुढच्या साली माझंच लग्न झालं. मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून आहे. तुमच्यावर नाही (थोडा तुमच्यावर). यंदा आभाळ कोसळलं तरी मी पेपरला बसणार.

वहिनींना जय भीम, पिंकीला आशीर्वाद.

तुमची,
बायना

ता. क. पिंकीचं साक्षगंध तुम्ही नऊ एप्रिललाच धरलं असं कळलं. पुऱ्यांना बायना आहेच, असं म्हणालात तेही कळलं. तारीख बदला. पत्र त्यासाठीच लिहिलं, वरचं सगळं तुम्ही नीट टेकून बसावं म्हणून.

आणखी एक. पत्र पाकिटात घालताना पिंकीचा फोन आला. तिने स्वतः पाहुण्यांशी बोलून साक्षगंध रविवारी, बाराला नेलं आहे. तुमच्या लेकीला तुम्हाला सांगायची भीती वाटते, म्हणून मी सांगते. ओरडू नका. तारीख तुम्हीच बदलली असं गावभर सांगा, आम्ही दोघी तोंड उघडणार नाही. सोमारी म्हणते तसं दोनदा सांगून झालं. बाराला मी सकाळीच येते. पुऱ्या तुम्ही तळा.