बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

दि. ४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

माझ्या तब्येतीची एवढी चौकशी करतेस, तर ऐक. डॉक्टरांनी पाचवी गोळी चालू केली. सहा महिन्यांपूर्वी एकच होती. रक्तदाब हलेना म्हणून दुसरी आली, मग तिसरी, आणि चौथी त्या तिघींच्या मदतीला. माझा रक्तदाब म्हणजे तुझ्या वहिनीचा राग, एकदा चढला की उतरायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, अशी केस आजवर पाहिली नाही. मला जरा बरंच वाटलं.

माझं मत तुला ठाऊक आहेच. मी गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. हे गृहस्थ मी खुर्चीत टेकायच्या आत लिहून मोकळे! म्हणून पहिल्या दिवसापासून मी एकही गोळी पोटात जाऊ दिलेली नाही. तुझी वहिनी रोज सकाळी समोर उभी राहून गोळी देते, आ करायला लावते आणि समाधानाने कामावर जाते. गोळी गालात असते. तिथून ती बटणांच्या डब्यात. कुणाजवळ बोलू नकोस.

आता डोळ्यांचं. मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा ओवायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागतात, आणि शिलाई टाकून मी करू तरी काय? पण रक्तदाब उतरल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर हात लावणार नाहीत. म्हणून वीस तारखेला मला दवाखान्यात ठेवून, नर्ससमोर सगळी औषधं द्यायची असं ठरलंय. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा, पाच गोळ्यांना पुरून उरलेला,
दादा

दि. ९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले, आणि शेवटाशी आले तेव्हा हसू पळालं. न घेतलेली औषधं लागू पडत नाहीत, हा शोध लावल्याबद्दल अभिनंदन! अरे, तू गोळी थुंकणार, रक्तदाब तसाच राहणार, ते आणखी एक लिहिणार, आणि वर तूच म्हणणार, बघा कसा गोळ्यांचा मारा करतात. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. तुझ्याकडे न बघता लिहितात हे त्यांचं चुकतंच. पण तू तरी त्यांना कुठे काही कळू दिलंस?

वीस तारखेचा विचार केलास का? नर्स गोळी गिळेपर्यंत हलायची नाही. सवय नसलेल्या अंगात पाचही एकदम गेल्या तर काय होईल, हे मी नाव न सांगता औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रक्तदाब उतरणार नाही, कोसळेल, आणि जिवावर बेतेल. दादा, मला फार भीती वाटते. आई-बाबांच्या मागे मला तू एकटाच आहेस. त्याआधी डॉक्टरांना खरं सांग, नाहीतर मी वहिनीला लिहीन. कुणाची भीती जास्त वाटते ते तूच ठरव.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी

दि. २४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ., आणि या खेपेला एक जास्तीचा. वि. वि.

गेलो बाई, वीस तारीख उजाडायच्या आतच. तुझ्या वहिनीला घेऊनच गेलो, म्हणजे काय शोभा व्हायची ती एकदाच होईल. डॉक्टरांच्या टेबलावर डबा उपडा केला. ते बराच वेळ निवडत बसले. मग एक हातात धरून म्हणाले, ही मी लिहून दिलेली नाही. ते शर्टाचं बटण होतं.

मग हसले, आणि पहिल्यांदाच पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, औषध घेता का, एवढं साधं मी कधी विचारलं नाही, चूक माझीही आहे. चार गोळ्या खोडल्या, पहिली तेवढी ठेवली. दवाखान्यात राहणं रद्द. हीच नेमाने घेतली तर डोळ्यांची तारीख मिळेल म्हणतात. कधी न पाहिलेली केस होतो, आता चारचौघांसारखा पेशंट झालो.

तुझी वहिनी वाटेत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. घरी आल्यावर तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी तयारीत होतो. ती एवढंच म्हणाली की, सहा महिने माझं उघडं तोंड बघून ती निर्धास्त मनाने कामावर जात होती. मला स्वतःची लाज वाटली गं.

आता ती गोळी आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवते आणि आत निघून जाते. गिळली का म्हणून विचारतही नाही. आज सकाळी गोळी गिळून मी आपण होऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यासमोर आ करून उभा राहिलो. तिने वर बघितलं नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. तोवर तुझा तरी लोभ असू दे.

तुझा,
दादा