पाण्याचे ढग, बर्फाचे ढग

९ जुलै, बुधवार
सकाळी भावजयीचा, कांताचा फोन, देवगाव रंगारीहून. "वन्सं, अंडी फुटली." रेशमाच्या अळ्या. आज मुंगीएवढ्या. नऊ-दहा दिवस सांभाळायच्या, मग कोष काढणाऱ्या चार घरांना वाटायच्या. उन्हाळ्यातली बॅच खोलीतच वाळून गेली. हीसुद्धा गेली तर कांताकडून अळ्या कुणी घेणार नाही. हे ती बोलत नाही, मीही बोलत नाही.
गावातला ट्रान्सफॉर्मर जळून आठवडा झाला. हवा ओली ठेवणारा फॉगर, हीटर, सगळं सोलरवर. छपरावर पॅनल आणि खाली बॅटरी लावायला दिनूला मीच भरीला पाडलं होतं. धाकटा भाऊ, ऐकतो बिचारा. आता इथं शहरात, सिडकोत बसून मोबाईलवर त्यांची बॅ. किती टक्के ते बघत असते.

१० जुलै, गुरुवार
कापसासारखे सुटे ढग. दुपारी पॅनलचा आकडा निरभ्र दिवसापेक्षाही वर. मीटर बिघडलं म्हणून कांताला दोनदा फोन केला. मग टाळक्यात उजेड पडला: मोकळं ऊन सरळ येतंय आणि शेजारच्या ढगाची पांढरी कड वरून आणखी फेकतेय. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली, आणि हे आज कळतंय.
पाच मिनिटांत ढग सूर्यावर. आकडा निम्म्याच्याही खाली. तरी बॅ. भरतेय. ठीक.

१३ जुलै, रविवार
उपग्रहाच्या फोटोत अख्खा कन्नड तालुका पांढराफटक. लगेच फोन. फॉगर बंद कर, बॅ. राखून ठेव.
"वन्सं, हितं उजेड हाय की."
"फोटोत दिसतंय मला. बंद कर."
"व्हय."
तुतीची पानं सुकली की अळ्या खात नाहीत, हे माहीत असून सांगितलं. दुपारी तीनला बॅ. ९६. बघा, बचत कशी करतात. दिनूला तसा मेसेजही ठोकला.

नंतर, त्याच दिवशी. कपडे काढायला गच्चीवर गेले. सूर्याला खळं. भलंमोठं, गोल. म्हणजे ढग पाण्याचे नव्हतेच, खूप उंचावरचे बर्फाचे. कण विरळ, थर पातळ, ऊन आरपार. वरून काढलेल्या फोटोत पांढरं ते सगळं पांढरंच. बॅ. माझ्या बचतीनं नाही, उन्हानं भरली. आणि तिकडे अळ्या दिवसभर कोरड्या हवेत. माझ्यासारखी शहाणी मीच.

१४ जुलै, सोमवार
चूक कबूल करायला फोन लावला. "अळ्या कशा आहेत?" "बऱ्या हायेत." पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला. भित्री आहे मी.

१५ जुलै, मंगळवार
आज खरे पाण्याचे ढग. खाली उतरलेले, राखुंडी, थेंबांनी गच्च. पॅनल नावाला. बाहेर सगळं ओलंच, त्यामुळे फॉगर लागत नाही, पण गारठा आहे, हीटर हवा. बॅ. ५८.
जेवण गेलं नाही.

१६ जुलै, बुधवार
तसंच. बॅ. २३. कांतानं घरातले दिवे-पंखे सगळे बंद केलेत, फक्त अळ्यांच्या खोलीत हीटर. तोही थांबून थांबून. दिनू म्हणाला, "आक्का, फोन कमी कर, तिला काम करू दे." बरोबर आहे. तरी एकदा केलाच.

१७ जुलै, गुरुवार
अकराला ऊन. बॅ. ३१, ४०, ५२. लॅबमध्ये खुर्चीवर बसून नुसती आकडे बघत होते. डोळे भरून आले. सरांना वाटलं, घरी काही झालं.

१८ जुलै, शुक्रवार
रजा टाकून देवगावला. अळ्या वाटायचा दिवस. पिशोरचे रफिकभाई घेणाऱ्यांत सगळ्यात जुने, सगळ्यात चिकित्सक. ट्रेवरचा कागद उचलून बराच वेळ बघत राहिले. "सब एक सरीके हैं," म्हणाले, म्हणजे एकही अळी मागं राहिलेली नाही, आणि ट्रे उचलायला लागले. चारही घरं घेऊन गेली. एकानंही नावं ठेवली नाहीत.
खोली रिकामी झाल्यावर कांताला सांगून टाकलं. रविवारचं, खळ्याचं, सगळं. ती कागद घडी करत होती.
"वन्सं, त्या दिशी म्या फॉगर बंद केलाच नव्हता."
"काय?"
"अंगणात खांबाची सावली पडली व्हती. सावली पडती तवर पॅनल चालतंय."
"मग व्हय कशाला म्हणालीस?"
"तुमी मोठ्या. तुमाला नाय कशी म्हणू?"
आधी राग आला. पाच दिवस मी इथं जीव टांगणीला लावून बसले, आणि ही! मग इतकं हलकं वाटलं की तिथंच रिकाम्या ट्रेशेजारी बसले आणि हसत सुटले. तीही हसली, पण पदर तोंडाला लावून. तिनं ऐकलं असतं तर? हे परतताना एसटीत सुचलं. तेव्हा हसू आलं नाही.

२१ जुलै, सोमवार
रफिकभाईंचा निरोप: पुढची बॅचही हवी. नवी अंडी आली, आज फुटली. ट्रान्सफॉर्मर अजून तसाच.
फोटो पुन्हा पांढराफटक. फोन लावला.
"कांता, आभाळ कसं आहे?"
"वर दुधाळ हाय. खालून राखुंडी पट्टे सरकत्यात. दोन्ही हाय."
"मग फॉगर चालू ठेवायचा का बंद?"
"तुमी काय म्हनता?"
"मी काहीच म्हणत नाही. तू सांग."
"वन्सं, तुमी मोठ्या."
"म्हणून तर विचारतेय."
"थांबा. भाईर जाऊन बघून येते." फोन न कापता बाजूला ठेवल्याचा आवाज, मग पत्र्याचं दार. एका हातानं हे लिहितेय, दुसऱ्या हातात फोन. अजून आली नाही.