ब्रेसानोचा माज उतरवताना

४ जून
नाटक लिहून झालं. अख्ख्या ब्यूनोस आयर्सने डोक्यावर घेतलेला सिनेदिग्दर्शक ओक्तावियो ब्रेसानो मेला तरी लोकांच्या डोक्यावरून उतरत नाही. आता मी उतरवतो. नटीने राखाडी हातमोजे घालून जिना उतरायचा, आणि हा तिला रडू फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा वर पाठवणार! लोक याला प्रतिभा म्हणतात. मी आजार म्हणतो.
नटी: माझी बायको मिर्ना. ब्रेसानो: रुफिनो, कारण दुसरं कोणी आलं नाही. जागा: आल्माग्रो वस्तीतलं जुनं गॅरेज. जून म्हणजे इथला हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी.
संकल्प: तालमीत आवाज चढवायचा नाही.

५ जून
चढवला. नाइलाज होता. मिर्नाने आणलेले हातमोजे राखाडी नव्हतेच, करडे होते. फरक कळत नाही म्हणाली. अशा लोकांना घेऊन कला करायची!

११ जून
जिन्याचा प्रवेश. मिर्ना डावा पाय आधी टाकते. दुपारभर वर पाठवत होतो. शेवटी म्हणाली, एवारिस्तो, अरे ब्रेसानोनेसुद्धा कुणाला एवढं दमवलं नसेल. काहीतरीच तुलना. तो हट्टापायी करायचा, मी अचूकपणासाठी करतो.
मग रडली. छान रडली. नाटकात ठेवायला हवं.

१८ जून
मध्यंतरात नेहमीसारखा माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, सगळ्यांत फिरला. एकच भोपळ्याचा पेला, एकच नळी, गरम पाणी ओतणारा रुफिनो. बाकीचे फुंकून फुंकून पीत होते, माझ्या वाट्याला गार पाणी. दिवे सांभाळणारी ओफेलिया खुसखुसली. म्हणाली, गार माते कुणाला देतात माहीत आहे ना हो, सर? माहीत आहे. ज्याचं तोंड बघायचं नसतं त्याला. पण हे लोक तसे नाहीत. थर्मास बिघडलाय.

२० जून
नवा थर्मास नेऊन दिला. माझा माते गारच. हल्ली मालच भिकार येतो.

२६ जून
मानसोपचाराला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही स्वतःच्या आईपेक्षा ब्रेसानोबद्दल जास्त बोलता. डॉक्टर बदलायला हवा.

३ जुलै
रुफिनो हल्ली माझ्याकडे टक लावून बघतो. मी मान कशी वळवतो, मफलर कसा ओढतो, सगळं. त्याला म्हटलं, बघ, शीक. म्हणाला, शिकतोच आहे सर. शेवटी एक तरी शिष्य घडला.

१० जुलै
मिर्ना बहिणीकडे राहायला गेली. भूमिकेत शिरायला एकांत लागतो, मी समजू शकतो. मांजरही नेलं. मांजराला नाटकात काम नाही, पण असो.

१७ जुलै
तालमीला कोणी नाही. गॅरेजला नवं कुलूप. शिस्त म्हणून नाही या लोकांना. हाकलून द्यायच्या आधीच पळाले. नवा संच उभा करणार. सोमवारपासून.

८ ऑगस्ट
गॅरेजवर पोस्टर! नाटकाचं नाव ‘साहेब’. मिर्ना आणि रुफिनो. म्हणजे माझा ब्रेसानो चोरला! शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. गर्दी खच्चून. रुफिनो मफलर ओढत नाटकातल्या बायकोवर खेकसत होता. मनात म्हटलं, पठ्ठ्याला ब्रेसानो अखेर सापडला. सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो.
मग त्या माणसाने मिठाचं भांडं टेबलाच्या बरोबर मधोमध नाही म्हणून बायकोचं जेवण थांबवलं. ती चमचा हातात धरून बसून राहिली.
ब्रेसानो आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नव्हता.
लोक अजून हसत होते. मला मफलर कुठे लपवावा कळेना.

९ ऑगस्ट
मिर्नाला गाठलं. लेखकसंघाकडे जाईन म्हणालो. वाक्यन् वाक्य माझं आहे! तर म्हणे, हो, तुझंच आहे. पदरचा एक शब्द आम्ही घातला नाही, एवारिस्तो. इतकी वर्षं ऐकून सगळं पाठ होतं. लिहावंसुद्धा लागलं नाही.
 

२१ ऑगस्ट
रुफिनोचा घसा बसला. आजचा प्रयोग हाउसफुल्ल. मी स्वतःहून निरोप धाडला, भूमिका करायला तयार आहे. आहेच कोण दुसरं? मिर्नाने कळवलं, सगळ्यांसारखी चाचणी दे.
दिली. मिठाचा प्रवेश. समोर मिर्ना बसली होती. एकही शब्द अडला नाही. कोट, मफलर, आवाज, सगळं अस्सल. मिर्नाने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. वाटलं, आता उठून जवळ येईल.
म्हणाली, पाठांतर चांगलं आहे. पण रुफिनो करतो ना, तेव्हा त्या माणसाचं बायकोवर थोडंतरी प्रेम होतं असं वाटतं. तुझ्यात ते दिसलं नाही रे.
पुन्हा एकदा करून बघू का, म्हणून मी विचारलं.
त्यांनी प्रयोग रद्द केला.