शेवटची तारीख रिकामी

सोमवार, ३ मार्च

गेली नोकरी! नऊ वर्षांची नोकरी, अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये. "तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही हं," साहेब तीनदा म्हणाले. मग काढता कशाला? त्यांना विचारायला सुचलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

घरूनच काम करते, एवढं बरं — लगेच कुणाला कळणार नाही. नवरा कामाच्या साइटवर गेलाय, पंधराला शनिवारी येईल. तेव्हा सांगेन. फोनवर सांगितलं तर तिकडे एकटा जिवाला घोर लावून घेईल. आणि दाराबाहेर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंना तर मुळीच नाही!

मंगळवार, ४ मार्च

सासूबाईंना नोकरी करायचीय. एकसष्टाव्या वर्षी! चहा गाळता गाळता म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन घ्यायला बाई हवीय. मला तो तुमचा रेझ्युमे करून दे गं." रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर पस्तीस वर्षं काढलेली बाई. "तीन वर्षं घरी बसून कान गंजले," म्हणे. मला हसूच आलं. हौस, दुसरं काय!

बुधवार, ५ मार्च

दार लावून दिवसभर "ऑफिस". संशय नको म्हणून भिंतीशी मीटिंग घेतली. "हो सर, पाठवलंय सर, उद्यापर्यंत देते सर." भिंत समाधानी दिसली.

संध्याकाळी हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर रेझ्युमेचं एक फुकटचं टूल टाकलं. झकास आहे! सगळी माहिती एका साध्या फाइलीत लिहायची — नाव, शिक्षण, नोकऱ्या, प्रत्येक नोकरीची पहिली आणि शेवटची तारीख. मग काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड द्यायची, की टापटीप पीडीएफ तयार. शेवटची तारीख रिकामी सोडली तर टूल तिथे आपणहून "आजपर्यंत" छापतं. हुशार आहे.

गुरुवार, ६ मार्च

सासूबाईंची फाइल भरायला बसलो. हात टेकले मी! नोकरी कधी लागली? "लग्नाच्या आदल्या वर्षी." तसंच लिहून दाखवलं. टूल चिडलं — ओळ नऊ, तारीख चुकली. "एवढं शिकलेलं यंत्र, आणि माझं लग्न कधी झालं ते माहीत नाही?"

त्यात टूल ताजी नोकरी आधी छापतं. "म्हणजे निवृत्तीपासून सुरुवात? उलटाच कारभार!"

कौशल्यं काय लिहू, विचारलं. म्हणाल्या, "पलीकडे लाइनवर कुणी आहे की नाही, ते बोलणाऱ्याच्या थांबण्यावरून कळतं मला. आणि ऐकलेलं कुणाला सांगत नाही. लिही." लिहिलं. उद्देशाची ओळ तेवढी रिकामी राहिली. "ती मी बघेन," म्हणाल्या.

शुक्रवार, ७ मार्च

आता कमांडही त्यांनाच द्यायचीय! "तू तुझ्या मीटिंगा कर, मला एकदा दाखवून ठेव." वहीच्या पाठीमागे उतरवून घेतली, मधल्या स्पेससुद्धा मोजून. मग काय — मोठी अक्षरं, बारीक अक्षरं, निळी पट्टी, बिनपट्टी. एकाच माहितीचे सात रेझ्युमे! प्रिंटरची धडगत नाही.

सोमवार, १० मार्च

सासूबाई भाजी आणायला गेल्या तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर स्वतःची फाइल भरली. सगळं सरसर झालं. शेवटच्या नोकरीच्या शेवटच्या तारखेशी आले, आणि हात चालेना. रडू आलं. चांगली हुंदके देऊन रडले. तारीख टाकली की खरंच संपलं, असं काहीतरी वाटत होतं.

रिकामी ठेवून कमांड दिली. टूलने निमूट छापलं — आजपर्यंत. दोन मिनिटं बरं वाटलं. मग लाज वाटली. हा खोटा कागद कुणाला पाठवणार आहे मी?

मंगळवार, ११ मार्च

भिंतीशी दोन मीटिंगा. बढती मिळणार बहुतेक.

गुरुवार, १३ मार्च

लागली! सासूबाईंना नोकरी लागली! सोमवारपासून जायचंय. डॉक्टरांनी म्हणे उद्देशाची ओळ दोनदा वाचली आणि तिथल्या तिथे हो म्हणाले. "असं काय लिहिलंत आई?" तर म्हणतात, "तुझ्या मीटिंगची वेळ झाली बघ."

खूप आनंद झाला, खरंच झाला. पण त्या नोकरी मिळवून आल्या आणि मी दाराआड खोटं बोलत बसलेय. परवा हा येणार. पहिलं वाक्य काय बोलू?

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी हॉलमधल्या कीबोर्डवर दोन कागद होते. वरचा रेझ्युमे माझा. शेवटच्या नोकरीपुढे "आजपर्यंत" नाही — ३ मार्च.

खालचा त्यांचा, डॉक्टरांना दिलेला. उद्देश: सुनेला नवी नोकरी नीट निवडायला उसंत मिळावी.