लाल रेघेवरचे शब्द

निपाणी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. पारमितास,

सप्रेम जयभीम. तुझे पत्र मिळाले, फोटोही पाहिले. एवढ्या मोठ्या कोटाच्या आत तूच आहेस हे चष्म्यावरून ओळखले.

इकडे सर्व ठीक आहे. वखारींतून तंबाखू भरून गाड्या निघाल्या की आपल्या गल्लीत अजूनही सगळे शिंकतात. भीमरत्न दर रविवारी बेळगावहून येतो. तिथे वडगावात घर घेतल्यापासून तुझ्या दादाची एकच तक्रार आहे, शेजारचे यंत्रमाग रविवारीसुद्धा थांबत नाहीत. आईचा घसा बसला आहे, म्हणून ती फोनवर येत नाही. तिचा फोनही न्हाणीजवळ पडून फुटला. काळजीचे काही नाही.

आता कामाचे. तू ठेवून गेलेला टॅब मी कपाटातून काढला. विहारातल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त त्यावर लिहावा म्हटले. मराठी अक्षरे उमटतात, पण कोणताही शब्द लिहिला की खाली लाल रेघ येते. ‘घर’ लिहिले तरी लाल, ‘पाणी’ लिहिले तरी लाल. बदलायला आत जावे तर सगळी जर्मन भाषा. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात भरमूकडे नेला. त्याने बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

“आप्पा, ह्यो कुठल्या गावचा पाव्हणा?”

“जर्मनीचा.”

“तरीच. ह्याला कन्नड येत न्हाय, मराठी येत न्हाय. रिसेट मारू?”

“मारलं की काय हुतंय?”

“पोरगीचं आतलं समदं पुसतंय. मग कसा गप बसतोय बघा.”

मी टॅब घेऊन परत आलो. त्यात तुझे कॉलेजातले फोटो आहेत, ते पुसायचे नाहीत. तेव्हा ती लाल रेघ मराठीला ओळखेल असे कसे करायचे, ते सविस्तर कळव. घाई आहे. आणि जाता जाता एक, अक्षरांची ती पाटी पडद्याच्या डाव्या बाजूला सरकवता येते का?

मार्चमधल्या परीक्षेचा अभ्यास नीट कर. ती पास झालीस की तुझी जर्मनीतली नर्सची नोकरी पक्की, हे मी इथे सर्वांना सांगून ठेवले आहे.

तुझा,
आप्पा

---

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

जयभीम. आधी टॅबचं सांगते.

जर्मन शिकत होते तेव्हा सरावासाठी मी त्याची सगळी भाषाच जर्मन करून टाकली होती. त्यामुळे तो तुमचं मराठी जर्मन शब्दकोशात शोधतो, सापडत नाही आणि रेघ मारतो. दातेरी चाकाचं चित्र आहे ते उघडा. चौकोनात ‘ए’ अक्षर असलेली ओळ दिसेल, तिच्यावर बोट ठेवा. आत सगळ्यात वर भाषा आहे, त्याच्या खाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक शब्द, म्हणजे शब्दांची तपासणी. त्याच्या शेजारच्या चित्रावर दाबलं की भाषांची यादी येते. त्यात मराठी नसेल, शब्दकोश आधी उतरवून घ्यावा लागेल. टॅब जुना आहे, जागा अपुरी पडली तर जर्मन शब्दकोश काढून टाका. मला आता तो लागत नाही. दादाला सोबत बसवा. आणि हे सगळं नको असेल तर त्या लांब शब्दासमोरची खूण काढा, तपासणीच बंद होईल. पाटी सरकवायची सोय त्यात नाही, पण टॅब आडवा धरला तर अक्षरं दोन्ही अंगांना मोठी होतात.

आता दुसरं. तुमच्या पत्राखाली ‘फोनवरून पाठवले’ असं आपोआप आलंय. फोनवर तुम्ही इतकं छान लिहिता, मग टॅब कशाला? विहाराचा वृत्तान्त तुम्ही आयुष्यभर कागदावर लिहिलात. डाव्या बाजूची पाटी कुणाला हवी आहे? तुम्ही उजवे आहात. आईही उजवीच होती.

मागच्या व्हिडिओ कॉलवर आई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तुम्ही फोन सारखा हलवत होतात. घसा इतके दिवस बसत नाही, आप्पा. दादा फोन उचलतो, ‘वर्गात शिकवतोय’ म्हणतो आणि ठेवतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मी ज्या वॉर्डात काम करते तिथे घरचे लोक पेशंटशी असंच वागतात. मी त्यांना रोज समजावते की खरं सांगा. आज मला स्वतःच्या वडिलांना लिहावं लागतंय.

रविवारपर्यंत खरं कळवा. नाही कळवलं तर सोमवारी मी तिकीट काढणार. परीक्षा बुडली तर इथला परवाना पुढे मिळणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. तरीही काढणार.

पारमिता

---

निपाणी
रविवार, १६ फेब्रुवारी, दुपार

चि. पारमितास,

जयभीम. आई आहे. काठी घेऊन चालते, जेवते, मला रागावते. एवढे आधी वाच, मग पुढचे.

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सकाळी न्हाणीत पाणी काढताना ती पडली. फोन तेव्हाच फुटला. उजवा हात आणि पाय गेला होता, तोंड एका बाजूला झाले होते. भीमरत्नाने गाडी करून बेळगावला नेले. डॉक्टर म्हणाले की अर्धांगाचा झटका आहे, वेळेत आणले. काही दिवस दवाखान्यात, मग वडगावात त्याच्या घरी, मग इथे. पाय पुष्कळ सुधारला. हात अजून नाही. वाचा गेली आहे. एकच शब्द शिल्लक राहिला आहे, ‘व्हय’. चहा देऊ का? व्हय. नको का? व्हय. मी तुझा नवरा हाय का? व्हय. मी शेजारचा मष्णू हाय का? व्हय. त्यावर ती स्वतःच हसते आणि मग डोळे पुसते.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिने भीमरत्नाच्या फोनवरच्या तुझ्या फोटोवर डावे बोट ठेवले आणि मग तेच बोट ओठांवर ठेवले. मी समजलो, पारमिताला सांगू नका. तिची परीक्षा आहे. मला ते पटलेही. आईने दुसरे काय म्हणावे? त्या दिवसापासून मी घसा, फोन, खिडकी सगळे रचले. भीमरत्नालाही गप्प बसवले. त्याच्यावर रागावू नकोस.

बेळगावच्या कॅम्पातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तोंडातून येत नसेल तर लिहून येतंय का बघा. डाव्या हाताने पेन धरवेना. माझ्या फोनवरची अक्षरे तिच्या बोटाला बारीक पडतात. म्हणून तुझा टॅब. मी तो तिच्या मांडीवर देऊन बाजूला बसायचो. ती बोट लावायची, वाट पाहायची, पुन्हा लावायची. मी पाहायला गेलो की पडदा कोरा. असे काही दिवस चालले. बाईंना मी सांगितले की लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, मग शब्दच हरवले असतील. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

मग एकदा मी मागून पाहिले. ती ‘पाणी’ लिहीत होती. नीट लिहिले. खाली लाल रेघ आली. तिने रेघेकडे पाहिले आणि शब्द पुसून टाकला. पुन्हा ‘पाणी’. पुन्हा रेघ, पुन्हा पुसले.

पारमिता, ती छाट काढत होती. तुला आठवत असेल, तू तिचा पदर धरून घरी वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात जायचीस. चेकर जुड्या सोडून एकेक बिडी चिमटीत धरायचा आणि सैल वाटली की बाजूला टाकायचा, ‘छाट’. छाट घरी आणून ती पाने सोडवायची, पुन्हा वळायची, बोलायची काही नाही. बायकांनी बोलायचे नाही, पुन्हा वळायचे, ही तिथली रीत. सगळे आयुष्य तिने तेच केले. आता तुझा जर्मन टॅब तिचा प्रत्येक शब्द छाट म्हणून परत देत होता आणि ती मुकाट पुन्हा वळत होती. मी शेजारी बसून म्हणत होतो, हिला येत नाही.

त्याच दिवशी टॅब भरमूकडे नेला आणि संध्याकाळी तुला ते पत्र लिहिले.

तुझे उत्तर आल्यावर मी एकट्यानेच आधी सोपा उपाय केला. त्या लांब शब्दासमोरची खूण काढली. रेघ बंद. आईला दिला. तिने ‘पाणी’ लिहिले, वाट पाहिली. रेघ आली नाही. मग माझ्याकडे एकदा बघून तिने मुद्दाम वेडीवाकडी अक्षरे मारली. तरीही रेघ नाही. तिने मान हलवली आणि टॅब माझ्या हातात परत दिला. सगळेच पास करणारा चेकर तिला नको होता. आपले शब्द शाबूत आहेत की नाहीत, हे तिला पारखून हवे होते.

आज भीमरत्न आला. तुझे पत्र समोर ठेवून त्याने तू सांगितलेस तसे सगळे केले. जागा पुरेना, म्हणून जर्मन काढून मराठी घेतले. ते उतरेपर्यंत आमची जुंपली.

“आप्पा, आतातरी तिला सांगा. ती नर्स हाय, ल्हान पोर न्हवं.”

“पेपर झाल्यावर सांगायचं म्हंतीया तुझी आई.”

“कवा म्हटली? बोलतीया कुठं ती?”

“बोटानं दाखीवलं की. ओठावर बोट ठेवलं.”

“तुमी लावला त्यो अर्थ. आईला इचारलासा?”

“इचारून काय? समद्याला व्हयच म्हंतीया.”

आई शेजारच्या खुर्चीत बसून दोघांकडे बघत होती. भीमरत्नाने टॅब आडवा करून तिच्या मांडीवर ठेवला. “आई, लिही काय बी. आता ह्याला मराठी येतंय.”

तिने ‘पाणी’ लिहिले. रेघ नाही. ‘घर’ लिहिले. रेघ नाही. ‘मीठ’, ‘भाकरी’, ‘आंघोळ’. एकापुढे एक ठेवत गेली. एकही परत आला नाही. मग तिने मान वर केली, आणि महिनाभरात मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. कारखान्यातून सगळा माल पास होऊन यायची तेव्हा असायचा तसा.

मी खाली वाकून तुझ्या आईला विचारले, “तानीबाई, दवाखान्यात तू बोट दाखीवलंस, ते पारमिताला सांगू नको म्हणूनच की न्हाय?”

तिने लिहिले, ‘सांगा’.

तिने पुढे लिहिले, ‘माझं तोंड गेलं. तुम्ही सांगा’.

ओठांवरच्या बोटाचा अर्थ तो होता. टॅब हातात आल्यापासून ती हेच लिहायला बघत असणार आणि रेघ आली म्हणून पुसत असणार. मी मात्र तिच्या नावाने तुला लांब ठेवत होतो.

भीमरत्नाने विचारले, “मग तिला आत्ता बोलवायचं, आई?”

तिने लिहिले, ‘न्हाय’. आणि खाली लाल रेघ आली. मराठीचा शब्दकोश पुस्तकातला, त्याला आपल्याकडचे कुठले माहीत? आईचे बोट पुसायच्या खुणेवर गेले. टॅबने वर ‘नाही’ असा शब्द सुचवला होता, तो घालावा म्हणून भीमरत्नाने बोट पुढे केले. आईने त्याचा हात फटकारला. शब्द तसाच ठेवला आणि पुढे तुला लिहू लागली.

“लई शहाणी झालीस गं,” भीमरत्न म्हणाला.

“व्हय,” आई म्हणाली.

आम्ही तिघे हसलो. शेजारून मष्णू डोकावून गेला.

तेव्हा आता खरे हे आहे. डॉक्टरांचे कागद भीमरत्न संध्याकाळी फोटो काढून पाठवील, तुला ते माझ्यापेक्षा नीट वाचता येतील. यायचे की थांबायचे हे तू ठरव. मी आईच्या वतीने यापुढे काही ठरवणार नाही, तुझ्याही नाही. रविवारचे पत्र इथून येत राहील, आणि त्यात घसा बसणार नाही. तिकीट काढलेस तर बेळगावच्या स्टेशनवर मी उभा असेन. परीक्षा दिलीस तरी त्यानंतर तिथेच उभा असेन.

खालचे तिने स्वतः लिहिले आहे. टॅबवर तीन ठिकाणी लाल रेघ आली, तुझ्या नावाखालीसुद्धा. तिने एकही शब्द पुसला नाही. मी फोनवर जसेच्या तसे उतरवले आहे.

तुझा,
आप्पा

पारमिता
पेपर दे मग ये
वाट बघती
मी हाय

आई