फोनवर न येण्याचं कारण

अहो,
मुलाच्या घरून तुम्हाला नमस्कार.

मी बरी आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय उचलता येत नव्हता, आता भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. व्यायाम घेणारी बाई कडक आहे. "आजी, पाय ओढू नका, उचला," म्हणत पाठ सोडत नाही.

जीभ मात्र अजून जड आहे, म्हणून फोनवर येत नाही. रागावले नाही हो. काल आरशासमोर तुम्हाला हाक मारून पाहिली, तर सून धावत आली, "आई, पाणी हवंय का?" आम्ही दोघी हसलो. मग ती आत जाऊन रडली.

वेळेवर जेवता ना? रक्तदाबाची गोळी घेता ना?

रविवारी फोन करा, मी घेईन. शब्द कळला नाही तरी ठेवू नका. तुम्हालाच हाक मारत असेन.

तुमचीच,
मी