थंड तळावरचे थेंब

थेंब रुमालानं पुसले आणि मग फोटो काढला, आई. उलट करायला हवं होतं. समोर ॲल्युमिनियमचा डबा उघडा पडलेला, पोथीएवढा. विजेवरची बस त्याच्यातल्या सर्किटांवर चालते. ती सर्किटं तापतात, म्हणून डब्याच्या तळात एक नागमोडी वाट कोरलेली असते आणि तिच्यातून गार द्रव फिरत राहतो. ही रचना माझी. तुला ती दाखवायची राहिली; तू गेलीस तेव्हा मी अजून साध्या रेडिएटरची चित्रं काढत होतो.

बस भर पावसाळ्यात बंद पडली आणि डबा आमच्याकडे परत आला. झाकण निघेना, शेवटी छिन्नी घालावी लागली. आत पाणी होतं. आमचा द्रव गुलाबी असतो, हे पाणी स्वच्छ होतं. म्हणजे तळाची वाट फुटलेली नव्हती. मग बाहेरचं पाणी झाकणातून शिरलं म्हणावं, तर ते कडेला हवं. हे थेंब मधोमध होते, खालच्या वाटेच्या वळणावळणानं, कुणी ओळीत मांडून ठेवावेत तसे. मी पाहताक्षणी ओळखलं. डब्याला श्वास घेता यावा म्हणून मी झाकणात एक बारीक जाळी ठेवली आहे. तिथून दमट हवा आत गेली आणि गार तळावर तिचं पाणी झालं. तळ इतका गार ठेवायचं मीच ठरवलं होतं.

अहवालात मी लिहिलं, झाकणाच्या सीलमधून पाणी शिरले.

झाकण बसवण्याआधी कडेनं सीलचा पट्टा ओढणारी एक गुजराती बेन आहे, कंत्राटावरची, चाळिशीची. मला येता-जाता चिडवते. "मारुं लगाडेलुं ढांकणुं खोलवा छीणी जोईशे, साहेब." आपण लावलेलं झाकण छिन्नीशिवाय उघडायचं नाही, हा तिचा अभिमान. आमचे मॅनेजर अहवाल वाचून म्हणाले, "चला, कारण मिळालं. फाईल बंद." सोमवारपासून तिला पाठवू नका, असं त्यांनी माझ्यासमोरच कंत्राटदाराला फोनवर सांगितलं. मी चहा पीत होतो, पीत राहिलो. रचना चुकली असं लिहायचं म्हणजे पुन्हा चित्रं, पुन्हा साचा, पुन्हा सहा महिने चाचण्या, आणि माझ्या मुलीच्या वयाच्या इंजिनियरांपुढे उभं राहून उत्तरं देणं. मी दमलोय, आई. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

आज रविवार. दुपारभर दांडिया बाजारातलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. तू ओट्याशी उभी आहेस, टेबलावर शाळेतून आणलेल्या उत्तरपत्रिका, आणि वरच्या पाच-सहांची शाई पसरून निळं तळं झालेलं. "पोतेरं इथे ठेवलंस ना?" तू भांडीवाल्या बेनला विचारतेस. ती म्हणते, "में तो टेबलने हाथेय नथी लगाड्यो, बेन." "मग पाणी काय छतातून आलं?" ती हात पुसते आणि निघून जाते. मी दारात उभा आहे, आठ-नऊ वर्षांचा.

दुसऱ्या दिवशी त्या पत्रिका उन्हात घालताना तुला कागदावरचा गोल दिसला. तांब्याच्या बुडाएवढा, नेमका. तू बर्फाच्या पाण्याचा तांब्या भरून टेबलावर ठेवलास, तो पाझरला का म्हणून पाहिलंस. पितळ सुकंच होतं, मग हळूहळू बाहेरून घामेजलं. तू पदर खोचलास आणि मला घेऊन वासण्याला तिच्या घरी गेलीस. तेव्हा तिकडे शेतं होती. वाटेत मी म्हटलं, तिलाच बोलाव की घरी. तू म्हणालीस, "चूक माझी, आणि पायपीट तिनं करायची?" तिनं आपल्याला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच "सारुं, बेन", बरं, एवढंच म्हणाली. परत कामाला आली नाही. पुढचं वर्षभर तू शाळेतून येऊन भांडी घासलीस.

तुला वाटलं, तांब्या तूच विसरलीस. तो मी ठेवला होता. खेळून आलो, बर्फाचं पाणी प्यायलो, तिथेच ठेवला. शाई पसरलेली तुझ्याआधी मी पाहिली, तांब्या उचलला, बूड सदऱ्याला पुसलं आणि फळीवर ठेवून दिला. वासण्याला जाताना सांगता आलं असतं. येतानाही आलं असतं. हे कुठे धाडायचं नाही म्हणूनच लिहवतंय.

आता सोमवारची रात्र. सकाळी नवा अहवाल पाठवला: सील ठीक, रचना चुकीची. मॅनेजरांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं. लाईनवर तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती. कंत्राटदाराकडून पत्ता घेतला आणि रिक्षा केली. रावपुऱ्यात, एका दुकानाच्या वर, दोन जिने. दार तिनंच उघडलं. आत या म्हणाली नाही.

"छीणी लेवी पडी ने, साहेब?"

हो, म्हटलं.